कॅसेटीतला मजकूर आणि त्याची नक्कल

१९९० नंतरच्या दशकात आपल्या घरांतील मुले दूरचित्रवाणी संचाला यंत्र जोडून जे खेळ खेळत, त्यांच्या चपट्या प्लॅस्टिकच्या डबीला ती सर्रास 'कॅसेट' म्हणत. वस्तुतः तिच्यात फीत नसे. आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर एक-दोन काळ्या चिपा आणि खालच्या कडेला धातूचे चकचकीत दात, एवढाच ऐवज. खेळ चालेनासा झाला की मुले त्या दातांवर फुंकर मारीत. श्वासातील ओलाव्याने धातू गंजतो, म्हणून निन्टेन्डोने तसे करू नका असे बजावले होते. ते कोणी मनावर घेतले नाही. अशी एखादी कॅसेट आजही बडोद्यातील किंवा इंदुरातील जुन्या घराच्या माळ्यावर निघेल. तिला इतिहासाचे साधन म्हटले तर आमच्या वाचकांपैकी काहींना हसू येईल. परंतु बखरी आणि दफ्तरेसुद्धा एके काळी वाण्याच्या पुड्यांच्याच लायकीची मानली जात होती, हे आपल्या मंडळींना सांगावयास नको.

या वस्तूचा जन्म अमेरिकेत झाला. १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीने 'चॅनल एफ' हे यंत्र बाजारात आणले. खेळ यंत्रापासून वेगळा काढून सुट्या डबीत घालावा आणि डबी बदलली की खेळ बदलावा, ही सोय त्यात प्रथमच झाली. ते घडविणाऱ्या अभियंत्यांचे प्रमुख जेरी लॉसन हे कृष्णवर्णीय गृहस्थ होते. पुढच्याच वर्षी अटारीचे यंत्र आले व घरोघरी गेले. १९८३ च्या जुलैत जपानमध्ये निन्टेन्डोने 'फॅमिकॉम' विकावयास काढले. आपल्याकडच्या बाजारात स्वस्तात मिळणारी बहुतेक यंत्रे याच फॅमिकॉमच्या नकला होत्या.

डबीतील चिपेत मजकूर कारखान्यातच कायमचा कोरलेला असे. तो वाचता येई, बदलता येत नसे. १९८५ चा सुप्रसिद्ध 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ अवघा ४० किलोबाइटांचा आहे, ३२ आज्ञावलीचे व ८ चित्रांचे. आज संगणकावर देवनागरीत लिहिलेले प्रस्तुत लेखाएवढे दोन-अडीच लेख तेवढीच जागा व्यापतील. त्याची नक्कल काढण्याची रीत ऐकावयास सोपी आहे. दातांना जोडलेले वाचनयंत्र चिपेला एकेक पत्ता सांगते आणि त्या पत्त्यावरचा अंक चिप परत देते. असे शेवटच्या पत्त्यापर्यंत करीत गेले की मजकूर हाती येतो. मोठ्या खेळांत मात्र सगळा मजकूर एकदम समोर येत नाही. डबीतील आणखी एक चिप पोथीची पाने उलटावीत तसे त्याचे भाग पुढे-मागे करते, आणि ती चिप कोणत्या जातीची हे ठाऊक नसेल तर तीच ती पाने पुन्हा पुन्हा उतरविली जातात.

नक्कल शुद्ध आहे हे कसे ठरवावे? येथे आम्हांस पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे स्मरण होते. तेथे १९१९ मध्ये आरंभलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली, ती पोथ्या एकमेकींशी ताडून. कॅसेटींचे संग्राहकही ताडूनच पाहतात. संपूर्ण मजकुरावर गणित करून एक छोटी संख्या काढतात. मजकुरातील एक अंक बदलला तरी ती संख्या बदलते. दोन निरनिराळ्या गावच्या, निरनिराळ्या मालकांच्या कॅसेटींतून तीच संख्या निघाली तर नक्कल विश्वसनीय समजावयाची. न जुळली तर एक तर दात मळलेले असतात किंवा खरोखरच पाठभेद सापडलेला असतो. कारण प्रकाशक पुढच्या खेपेत गाजावाजा न करता दुरुस्त्या करीत. १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम' या झेल्डामालिकेतील खेळात एका अग्निमंदिराच्या संगीतामध्ये आरंभी इस्लामी प्रार्थनेचे स्वर होते. नंतरच्या आवृत्तीत ते काढून टाकले गेले. बाहेरून डब्या सारख्याच. नुसती एक प्रत जपून ठेवणाऱ्याला हा फरक कधीच कळला नसता.

कायद्याने या नकलेकडे प्रथमपासून संशयाने पाहिले, आणि ते अगदीच निराधार नव्हते. १९८३ मध्ये अमेरिकेत जे. एस. अँड ए. नावाची, टपालाने माल विकणारी कंपनी 'प्रॉम ब्लास्टर' हे यंत्र विकत होती. अटारीच्या खेळाची त्याने कोऱ्या कॅसेटीवर प्रत निघे. अटारीने फिर्याद केली. कंपनीचे म्हणणे असे की, विकत घेतलेल्या आज्ञावलीची एक राखीव प्रत करण्याची मुभा १९८० च्या दुरुस्तीने ग्राहकाला दिलेली आहे. इलिनॉयमधील न्यायालयाने ते मानले नाही. यांत्रिक वा विद्युत बिघाडाने ज्यांचा मजकूर नष्ट होऊ शकतो अशा साधनांसाठी ती मुभा आहे, आणि कॅसेटीला तो धोका नाही, असा निर्णय झाला. यंत्राचा बहुतेक उपयोग चोरटी विक्री करणाऱ्यांनीच केला असता, हे आम्हांस मान्य आहे. तरीही निर्णयामागचे गृहीतक काळाने फार काळ टिकू दिले नाही. गंमत अशी की त्याच वर्षी अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या उकिरड्यात पुरला. २०१४ च्या एप्रिलमध्ये तो उकरून काढला, तेव्हा निघालेल्या कॅसेटींपैकी काही संग्रहालयांत गेल्या.

कारखान्यात कोरलेली चिप खरोखरच चिवट असते. पण सगळ्या चिपा तशा नव्हत्या. खेळ तयार होत असताना काढलेल्या कच्च्या प्रती ज्या चिपांत ठेवीत, त्यांना वर काचेची खिडकी असे. अतिनील किरणांनी मजकूर पुसून चिप पुन्हा वापरता येई. खिडकीवरचा कागद गळून पडला तर धोका आहेच, आणि तो शाबूत असला तरी आतला विद्युत्‌भार वर्षानुवर्षे झिरपत राहतो. छापून न आलेल्या खेळांची हस्तलिखितेच ती. ज्या खेळांत खेळणाऱ्याची प्रगती साठविली जाई, त्यांत नाण्याएवढी बॅटरी असे. ती संपली की खेळ राहतो, प्रगती जाते. १९९९ च्या 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर' यांत घड्याळही तिच्यावरच चाले, त्यामुळे त्यांतील बॅटऱ्या लवकर संपल्या. माळ्यावर अशी कॅसेट मिळाली तर बॅटरी बदलण्याआधी आतील नोंदीची प्रत काढून घ्यावी. जुनी बॅटरी उपटताच एखाद्या मुलाची दोन उन्हाळ्यांच्या सुट्यांची मेहनत नाहीशी होते.

आजचा कायदा संग्रहाला आडकाठी करीत नाही, वाचकाला करतो. २०२३ मध्ये अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळत नाहीत, असे तीत आढळले. ग्रंथालयांनी नकला ठेवाव्यात, पण अभ्यासकाने तेथे जाऊनच त्या पाहाव्यात, अशी स्थिती आहे; घरबसल्या पाहू देण्याची मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने २०२४ च्या ऑक्टोबरात फेटाळली. आपल्या कॉपीराइट कायद्यातील ५२ व्या कलमात, नाश वा हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून आज्ञावलीची प्रत करण्याची मुभा कायदेशीर धारकाला आहे. आमच्या मते 'तात्पुरते' हा शब्दच त्यात अडचणीचा आहे. नष्ट होऊ घातलेल्या वस्तूचे तात्पुरते संरक्षण म्हणजे काय, याचा खुलासा पुढेमागे कोणाला तरी करावा लागेल.

सर्वांत कठीण प्रकरण जपानमधले. १९९५ च्या एप्रिलपासून २००० च्या जूनपर्यंत तेथे 'सॅटेलाव्ह्यू' नावाची सेवा चालली. उपग्रहावरून खेळ प्रक्षेपित होई आणि पुन्हा लिहिता येणाऱ्या एका लहान डबीत उतरे. नवा खेळ घेतला की जुना पुसला जाई. सेवा बंद पडल्यावर उरल्या त्या लोकांच्या घरातील डब्या, ज्याच्या-त्याच्या डबीत शेवटी जे राहिले ते घेऊन. संग्राहक जुन्या बाजारातून त्या एकेक विकत घेतात व वाचून पाहतात. बहुधा पूर्वी सापडलेलेच पुन्हा निघते. क्वचित पुसलेल्या खेळाचे तुकडे निघतात आणि त्यांवरून मूळचा खेळ काही अंशी जोडता येतो. ऑगस्ट १९९५ मध्ये झेल्डाचा जो खेळ त्यावर झाला, त्यात नटांचा आवाज खेळ चालू असतानाच उपग्रहावरून येई. तो डबीत उतरतच नसे. आज त्यातले जे ऐकावयास मिळते ते त्या वेळी घरच्या टेपरेकॉर्डरवर किंवा व्हिडिओ कॅसेटवर ध्वनिमुद्रण करून ठेवणाऱ्या काही जपानी श्रोत्यांमुळे.