पत्रांचें घर

पत्र लिहितो एक, वाचतो दुसरा. परंतु वाचून झाल्यावर तें कोणाच्या घरीं राहतें, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो टाळतां येत नाहीं. आज श्रोत्यांपुढें मी तोच प्रश्न ईमेलच्या संबंधांत मांडणार आहें. ईमेलचें वय अवघें पन्नास-पंचावन्न वर्षांचें. पण त्याच्याहि पोटांत एक जुना वाद आहे. पत्र पोस्टांतच राहूं द्यावें आणि तेथें जाऊन वाचावें, कीं घरीं आणून आपल्या पेटींत ठेवावें?

आपल्याकडे या वादाचे दोन्ही दाखले आहेत. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि पुण्याचें दप्तर इंग्रजांच्या हातीं गेलें. कागद राहिले, पण ज्यांच्या पूर्वजांचे ते कागद, त्यांना ते सहजासहजीं पाहतां येईनात. रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखालीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते १९३० सालापासून पुढें. उलट नाना फडणिसांनीं आपले कागद वाईजवळ मेणवलीस, कृष्णाकांठच्या वाड्यांत ठेविले. नाना १८०० सालीं वारले. दप्तर मागें राहिलें आणि पुढें पारसनिसांसारख्या संशोधकांच्या कामीं आलें. राजवाड्यांनीं १८९८ सालीं इतिहाससाधनांचा पहिला खंड छापला, तोहि घरगुती दप्तराच्याच जोरावर. अर्थात् घर म्हणजे कांहीं तिजोरी नव्हे. किती दप्तरें वाळवीनें खाल्लीं आणि किती वाण्याच्या पुड्यांत गेलीं, याची गणती कोणीं केली नाहीं.

आतां ईमेलकडे वळूं. १९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं अर्पानेट या जाळ्यावरून एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत पत्र पाठविलें. त्या काळीं अनेक जण मिळून एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर काम करीत, आणि पत्रहि त्याच यंत्रांत पडून असे. पुढें टेबलावर मावणारे कॉम्प्युटर आले आणि अडचण उभी राहिली. हीं यंत्रें रात्रीं बंद होत. बंद दाराशीं आलेल्या पोस्टमननें पत्र द्यावें कोणाला? १९८४ सालीं यावर जी रीत ठरली तिचें नांवच मुळीं पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, म्हणजे संक्षेपानें पॉप. पत्रें सर्व्हरवर थांबतात. आपलें यंत्र जागें झालें कीं जाऊन उचलून आणतें. उचललेलें पत्र सर्व्हरवरून पुसून टाकावयाचें अशी वहिवाट पडली, कारण तेथील जागा महाग होती. दोनच वर्षांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत मार्क क्रिस्पिन यांनीं आयमॅप ही निराळी रीत काढली: पत्रें सर्व्हरवरच राहूं द्यावीं आणि कोणत्याहि यंत्रावरून तींच पहावीं. १९८८ सालीं इलिनॉय विद्यापीठांत स्टीव्ह डॉर्नर यांनीं पत्रें घरीं आणणारा एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला युडोरा वेल्टी या लेखिकेवरून ‘युडोरा’ असें नांव दिलें. तिच्या एका कथेची नायिका घर सोडून पोस्टांतच बिऱ्हाड थाटते! यंत्राच्या विद्येंतले लोक रुक्ष असतात असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सर्वसामान्यांना इंटरनेट खुलें केलें. पहिल्या शहरांत मुंबई होती. तत्पूर्वीं अर्नेट या जाळ्यामुळें मोठमोठ्या शिक्षणसंस्थांनाच काय तें ईमेल ठाऊक. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट हा तेव्हांचा वेग. त्या वेगानें एक मेगाबाइट उतरावयास साडेचौदा मिनिटें लागत, आणि तेवढा वेळ टेलिफोनचें मीटरहि पळत असे. म्हणून शहाणा मनुष्य नंबर फिरवी, पत्रें उतरवून घेई, लाइन तोडी आणि मग निवांत वाचीत बसे. उत्तरेंहि तो लाइन तोडूनच लिही.

पण ज्याच्या घरीं यंत्रच नाहीं त्यानें काय करावें? ४ जुलै १९९६ रोजीं सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनीं हॉटमेल सुरू केलें आणि हा प्रश्न सुटला. सायबर कॅफेंत तासाचे पैसे भरावे, पासवर्ड द्यावा आणि आपली पेटी उघडावी. मुंबईच्या रेडिफनेंहि हीच सोय केली. अडचण जागेची होती. हॉटमेलची पेटी २ मेगाबाइटची, याहूची ४ ची. भरली कीं आलेलें पत्र पाठविणाऱ्याकडे परत. १ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें १ गिगाबाइटची पेटी देऊं केली, तेव्हां तारीख पाहून पुष्कळांना ती थट्टाच वाटली. एका दिवसांत पेटी पांचशेंपट झाली, आणि पत्र पुसण्याची जुनी संवय लोकांनीं सोडून दिली.

मग ‘जागा संपली’ ही तक्रार आज घरोघर ऐकूं कां येते? हिशेब करून पाहूं. निव्वळ मजकुराचें पत्र ५ किलोबाइटचें धरलें तर दहा हजार पत्रांना ५० मेगाबाइट पुरतात. गूगलच्या १५ गिगाबाइटांचा हा तीनशेंवा भागहि नाहीं. जागा खातात त्या अटॅचमेंट. फोटो पत्राला जोडतांना त्याचें रूपांतर अक्षरांत करावें लागतें आणि तो सुमारें एक-तृतीयांशानें फुगतो. ३ मेगाबाइटचा फोटो पत्रांत ४ चा होतो. शिवाय २०१३ पासून पत्रें, फायली व फोटो या सर्वांना मिळून तेच १५ गिगाबाइट आहेत. पेटी पत्रांनीं भरली असें वाटतें, आणि पहावें तों ती नातवंडांच्या छायाचित्रांनीं भरलेली असते. अशा वेळीं पत्रें पुसणें म्हणजे धान्य टाकून कोंडा राखणें होय. मोठ्या अटॅचमेंट शोधाव्या, हव्या त्या उतरवून घ्याव्या, मग ते संदेश पुसून कचऱ्याची पेटीहि रिकामी करावी. कचरासुद्धां जागेंत धरला जातो.

खरी चिंता मला वाटते ती निराळीच. गूगलच्या नियमाप्रमाणें डिसेंबर २०२३ पासून, दोन वर्षें न वापरलेलें खासगी खातें आंतील पत्रांसह पुसलें जाऊं शकतें. आमचें सौंदड हें नागपूर-रायपूर रस्त्यावरचें आणि गोंदिया-बल्लारशा रेल्वेवरचें गांव. येथील मुलें शिकून दूर जातात आणि म्हाताऱ्यांच्या खात्यांत पत्रें धाडतात. म्हातारा गेल्यावर पासवर्ड कोणाला माहीत? नानांच्या कागदांनीं शंभरावर वर्षें वाट पाहिली. येथें मुदत दोन वर्षांची. आपल्या पश्चात् खातें कोणास पाहूं द्यावें हें नेमून ठेवण्याची सोय गूगलनें २०१३ सालीं केलेली आहे, पण ती वापरणारें घर मला येथें अजून भेटावयाचें आहे.

यास्तव मी स्वतः दोन्ही घरें राखतों. रोजचें वाचन वेबमेलवर. आणि घरच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा विनामूल्य प्रोग्रॅम. ज्येष्ठांतल्या वादळानें दोन-दोन दिवस इंटरनेट गेलें तरी जुनीं पत्रें वाचतां येतात. येथें एक सावधगिरी हवी. आयमॅपनें जोडलेल्या प्रोग्रॅमांत पत्र पुसलें तर तें सर्व्हरवरूनहि जातें. म्हणून जपावयाचीं पत्रें प्रोग्रॅममधील स्थानिक फोल्डरांत उतरवावीं आणि त्यांची एक नक्कल निराळ्या डिस्कवर ठेवावी. डिस्कलाहि वाळवी लागतेच, फक्त तिचें नांव वेगळें. हीं पत्रें एम्‌बॉक्स नांवाच्या साध्या मजकुराच्या फायलींत ठेवतां येतात. युडोराचें दुकान २००६ सालीं आवरलें. पण त्याचीं पत्रें जवळजवळ अशाच फायलींत असल्यामुळें ज्यांनीं तीं जपलीं त्यांना आजहि साध्या संपादकांत उघडून वाचतां येतात.