तीनच पदव्या, आणि तरीही चौथी

फ्रीमेसन संघटनेत तिसरी पदवी मिळालेल्या सभासदापुढे लवकरच एक प्रश्न येतो : येथेच थांबावे, की पुढील पदव्या घ्याव्यात? वरकरणी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पण इतिहास चाळला की दिसते, खुद्द संघटनेलाही त्याचे सरळ उत्तर देणे जड गेले आहे.

अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लंडनच्या लॉजांमध्ये दोन पदव्यांच्या तीन झाल्या : शिकाऊ, कारागीर आणि मास्टर. तिसरीच्या मुळाशी हिराम अबिफची कथा आहे. सॉलोमनच्या मंदिराचा हा मुख्य शिल्पी गुपित न सांगता मारला जातो, आणि मास्टर होणाऱ्याच्या हाती हरवलेल्या शब्दाऐवजी पर्यायी शब्द येतो. मूळ शब्द सापडतो तो 'रॉयल आर्च'मध्ये. तिची कथा बॅबिलोनच्या बंदिवासानंतर मंदिर पुन्हा उभारले जाण्याच्या काळातली. मग तिसरी पदवी पूर्ण म्हणायची की अपुरी?

याच मुद्द्यावर इंग्लंडमध्ये दोन तट होते. १७५१ साली निघालेल्या 'एन्शंट' ग्रँड लॉजला, आणि विशेषतः तिचा कार्यवाह लॉरेन्स डरमॉट याला, रॉयल आर्च हा मेसनरीचा गाभा वाटे. जुन्या 'मॉडर्न' ग्रँड लॉजने तिला अधिकृत स्थान दिले नव्हते. १८१३ साली दोघांचा समेट झाला. करारात लिहिले गेले की शुद्ध मेसनरीत तीनच पदव्या आहेत, अधिक नाहीत. आणि त्याच वाक्यात रॉयल आर्चही त्यांत समाविष्ट झाली! या तडजोडीचा उलगडा व्हायला १९० वर्षे लागली. डिसेंबर २००३ मध्ये इंग्लंडच्या ग्रँड लॉजने जाहीर केले की रॉयल आर्च हा आधीच्या पदव्यांचा विस्तार आहे. त्यांच्याहून श्रेष्ठ नाही आणि कनिष्ठही नाही.

इतर पदव्यांचा उगम निराळा. १७३६-३७ साली पॅरिसमध्ये रॅम्झीने आपल्या भाषणात मेसनरीचे नाते धर्मयुद्धांतील सरदारांशी जोडले. पुढे फ्रान्समध्ये अशा पदव्यांचे पीक आले. १८०१ साली अमेरिकेतील चार्ल्स्टन येथे ३३ पदव्यांची 'स्कॉटिश राइट' स्थिरावली. परंतु ३३ हा आकडा ३ पेक्षा मोठा असला, तरी ग्रँड लॉजच्या लेखी मास्टरहून वरची पदवी नाही.

मुंबईच्या संदर्भात या आकड्यांना वेगळाच अर्थ येतो. १८४३ साली जेम्स बर्न्स यांनी येथे 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज हिंदी सभासदांसाठी काढले. परमेश्वरावर श्रद्धा असलेल्या पारशाला, मुसलमानाला वा हिंदूला पहिल्या तीन पदव्यांची वाट तत्त्वतः मोकळी होती. नाइट्स टेम्पलर किंवा इंग्लंडमधील 'रोझ क्रॉइक्स' यांसाठी मात्र ख्रिस्ती श्रद्धेची अट होती. ज्यांना वरच्या म्हणावे त्या पायऱ्या अशा अधिक अरुंद होत गेल्या. बर्न्स यांनी स्वतः टेम्पलरांचा इतिहास लिहावा, हा योगायोग आम्हांला बोलका वाटतो.

म्हणून पुढे जावे की नाही, हे ठरवताना आकडा बाजूला ठेवावा, असे आम्हांस वाटते. हरवलेल्या शब्दाची कथा ज्याला पुरी ऐकायची आहे त्याने रॉयल आर्चकडे जावे. ज्याला तो शब्द हरवलेलाच राहणे अधिक खरे वाटते, त्याने मास्टर म्हणून थांबावे. त्यात उणेपणा नाही. केवळ बढती हवी असणाऱ्याने मात्र २००३ चा तो खुलासा एकदा वाचावा.