मोटर लावलेल्या सायकलची चेन सारखी पडते? ताणण्याआधी हे तपासा

साध्या सायकलला २५० वॅटची मोटर लावून कॉलेजला किंवा कामाला जाणारी मुलं आता सगळीकडे दिसतात. किट ऑनलाइन मागवायचं, व्हिडिओ बघून बसवायचं, थोडे दिवस मजेत चालवायचं, आणि मग एक दिवस चेन पडायला लागते. ओळखीतल्या मुलांच्या अशा सायकली मी बऱ्याच बघितल्यात. बहुतेकांनी एकच उपाय केलेला असतो, तो म्हणजे चेन आणखी ताणणं. पण चेन पडण्याचं कारण बरेचदा ताण नसतोच, चेनची रेषा वाकडी असते. वाकड्या रेषेत चेन ताणली की ती पडायची थांबत नाही. उलट मोटरचं बेअरिंग आणि पट्टी दोन्हींवर लोड येतो.

इथे मी २४ व्होल्ट, २५० वॅटच्या गिअरवाल्या मोटरचं किट धरून बोलतोय, एमवाय १०१६ झेड या नावाने मिळतं ते. मोटर डाव्या बाजूला लोखंडी पट्टीवर, तिच्यावर ९ दातांचं छोटं स्प्रॉकेट आणि मागच्या हबवर डावीकडे १६ किंवा १८ दातांचं फ्रीव्हील. पायडलची चेन उजवीकडे, ती वेगळी. तुमची हब मोटर असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही, कारण तिला मोटरची चेनच नसते.

हात लावण्याआधी

बॅटरीचा कनेक्टर काढा. नुसती किल्ली बंद करून भागत नाही, कारण कोणीतरी किल्ली फिरवतं, थ्रॉटलला धक्का लागतो आणि बोट चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये सापडतं. मोटरला तुमचं बोट कळत नाही.

ही चेन हलक्यात का घेऊ नये, त्याचा छोटा हिशोब करू. स्प्रॉकेट मिनिटाला साधारण ३०० फेरे फिरतं, म्हणजे चेनचा वेग सेकंदाला ०.५७ मीटरच्या आसपास. २५० वॅट भागिले तो वेग, म्हणजे जवळपास ४४० न्यूटन. चेनला ४४-४५ किलोचं पोतं टांगल्यासारखा हा ओढ आहे, आणि तो पेलायला छोट्या स्प्रॉकेटचे एका वेळी चारेकच दात असतात. चेन आतल्या बाजूला पडली तर फ्रीव्हील आणि स्पोकच्या मध्ये अडकून मागचं चाक जाम होऊ शकतं. रहदारीत हे झालं तर थेट आपटणार. म्हणून 'पडली की परत बसवू' असं करत महिनाभर चालवू नका.

आवाज मोजा

चाक वर उचलून डबल स्टँडवर घ्या आणि हाताने सावकाश फिरवा. चेनच्या एका कडीला नेलपॉलिशचा ठिपका द्या, टायरवर खडूची खूण करा. आता खट्ट आवाज किंवा झटका किती वेळाने येतो ते बघा. लक्षात येत नसेल तर फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढा.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा झटका येत असेल तर फ्रीव्हील मध्यभागी बसलेलं नाही किंवा ते डुलतंय. फ्रीव्हीलला १८ दात असतील आणि एका फेऱ्यात दोनदा आवाज येत असेल तर मोटरचं ९ दातांचं स्प्रॉकेट बघा, एखादा दात मोडलेला किंवा वाकलेला असेल. आणि समजा चेन ७२ कड्यांची आहे आणि आवाज चार फेऱ्यांतून एकदाच, ठिपका त्याच जागी आला की येतो, तर एक कडी कडक झालीये. ती बहुतेक चेन जोडताना पंच केलेलीच असते. दोन्ही हातांनी ती आडवी थोडी मागेपुढे वाकवा, तेल सोडा, मोकळी होते. सतत घरघर येत असेल तर प्रश्न रेषेचा आहे.

रेष कशी बघायची

सायकलच्या मागे, चेनच्या उंचीवर फोन धरा. जवळून फोटो काढू नका, वाइड लेन्सला सरळ चेनही वाकडी दिसते. दोन-तीन मीटर मागे जा आणि दोनपट झूम करा. फोटोत चेनची वरची बाजू स्प्रॉकेटपासून फ्रीव्हीलपर्यंत एका रेषेत दिसली पाहिजे. पक्कं करायचं असेल तर स्टीलची सरळ पट्टी फ्रीव्हीलच्या दातांना बाहेरून टेकवा. ती मोटरच्या दातांनाही तशीच टेकली पाहिजे. फरक असेल तर मोटरच्या बोल्टखाली वॉशर घालून मोटर आतबाहेर करा. मोटर तिरकी बसली असेल तर पुढच्या आणि मागच्या बोल्टखाली वेगवेगळे वॉशर लागतील.

उभ्या सायकलवर सगळं सरळ दिसतं आणि चालवताना चेन पडते, असंही होतं. मला तर हाच दोष सगळ्यात जास्त दिसतो. पट्टी पातळ असते, ओढ आला की ती वाकते, मोटर चाकाकडे सरकते आणि चेन ढिली पडते. हे बघायला एक मित्र लागेल. चाक उचललेलंच ठेवा, बॅटरी जोडा, मागचा ब्रेक हलका दाबून थ्रॉटल अगदी थोडा द्या. मित्राने हात लांब ठेवून पट्टीचा स्लो मोशन व्हिडिओ काढायचा. थ्रॉटल देताच मोटर हलताना दिसली तर चेनला हात लावायची गरज नाही. पट्टीला फ्रेमपर्यंत दुसरा आधार द्या. कुठलाही वेल्डर करून देईल, फक्त वेल्डिंगआधी बॅटरी आणि कंट्रोलर काढून ठेवा.

ताण किती हवा

दोन चक्रांच्या मधोमध बोटाने वरखाली केल्यावर चेन एकूण १० ते १२ मिलिमीटर हलली पाहिजे. चाक फिरवून चार ठिकाणी बघा, कारण फ्रीव्हील थोडं डुलत असेल तर एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागतं. ताण घट्ट जागेवर लावायचा. चेन ताणायला मागचं चाक सरकवू नका, मोटर तिच्या खाचेत सरकवा. चाक सरकवलं की पायडलची चेन आणि ब्रेक दोन्ही बिघडतात.

खाच संपली तरी चेन सैलच असेल तर टेन्शनर लावा, पण ढिल्या बाजूला. मोटर चाकाच्या पुढे असेल तर वरची बाजू ओढाची आणि खालची ढिली. ओढाच्या बाजूला लावलेला टेन्शनर फार टिकत नाही.

बदलायची वेळ

सायकल चेनची एक कडी, पिनपासून पिनपर्यंत, १२.७ मिलिमीटर असते. २४ कड्या मोजा, नव्या चेनला ३०४.८ मिलिमीटर भरतील. ३०७ च्या वर गेली की चेन बदला. दात माशाच्या परासारखे एका बाजूला झुकले असतील तर स्प्रॉकेटही बदला, नाहीतर नवी चेन जुन्या दातांवरून लोड आला की उडी मारते. चेन लॉकची क्लिप लावताना तिची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवा.

फ्रीव्हील बदलायला गेलात तर दुकानदाराला 'डाव्या बाजूचं, मोटर किटचं' असं स्पष्ट सांगा. नेहमीचं उजवीकडचं फ्रीव्हील डावीकडे तसंच बसवलं तर मोटर जोरात फिरते आणि चाक जागचं हलत नाही. मग लोक उगाच कंट्रोलर बदलत बसतात.

पावसाळ्यात चिखलातून आल्यावर चेन फडक्याने पुसून सायकल चेनचं तेल द्या, प्रत्येक कडीवर एक थेंब, आणि वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. ओलं राहिलेलं तेल धूळ धरतं आणि ती धूळ पिनांवर पॉलिश पेपरसारखी घासत राहते. इंजिनचं जुनं काळं ऑइल वापरू नका, त्यात आधीच लोखंडाचा चुरा असतो.