बास्करव्हिलचे वळण आणि वाचकाची दृष्टी

अठराव्या शतकातील इंग्रज मुद्रकांत जॉन बास्करव्हिल याच्याएवढी स्तुती आणि त्याच्याएवढी कुचेष्टा क्वचितच कोणाच्या वाट्यास आली असेल. दोहोंचे कारण एकच होते: त्याची अक्षरे डोळ्यांत भरत. अक्षराने वाचकाच्या डोळ्यांत भरावे की अर्थाला वाट करून देऊन बाजूस व्हावे, हा मुद्रणकलेतील जुना वाद आहे आणि बास्करव्हिलच्या वळणाइतका तो अन्यत्र क्वचितच उघडपणे खेळला गेला असेल.

१७०६ साली जन्मलेला हा गृहस्थ प्रथम बर्मिंगहॅम येथे सुलेखन शिकवीत असे व थडग्यांच्या शिळांवर अक्षरे कोरीत असे. पुढे रोगणाच्या धंद्यात त्याने पैसा मिळविला आणि १७५० च्या सुमारास तो मुद्रणाकडे वळला. त्या वेळी इंग्लंडात विल्यम कॅस्लनच्या खिळ्यांचे राज्य होते. कॅस्लनचे अक्षर धट्टेकट्टे, किंचित ओबडधोबड, परंतु घरच्या माणसासारखे परिचयाचे. बास्करव्हिलने जॉन हँडी या कारागिराकडून पोलादी ठसे कापवून घेतले. त्या वळणात सुलेखनकाराचा हात लपत नाही. जाड रेघ अधिक जाड, बारीक रेघ अधिक बारीक, गोलाई भरदार आणि अक्षराचा कल जवळजवळ सरळ उभा. रेघांच्या शेवटी जी आडवी टोके असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, ती त्याने निमुळती व तीक्ष्ण केली. देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना ओळीत बांधते. रोमन लिपीत ते काम थोडेबहुत ही टोके करतात, असे मुद्रणाचे अनेक अभ्यासक मानीत आले आहेत. मोठ्या ‘क्यू’ची झोकदार शेपटी आणि लहान ‘जी’चे खाली उघडे राहिलेले वेटोळे, एवढ्यावरूनही जाणकार हे वळण ओळखतो.

असले नाजूक अक्षर त्या काळच्या खडबडीत कागदावर उमटलेच नसते. शाई पसरून बारीक रेघा बुजून गेल्या असत्या. म्हणून बास्करव्हिलने सारा छापखानाच नव्याने घडविला. दाब देणारा पाट अचूक सपाट करून घेतला, अधिक काळीभोर शाई तयार केली आणि छापलेले ताव तापविलेल्या तांब्याच्या पत्र्यांत दाबून गुळगुळीत केले. १७५७ साली निघालेल्या त्याच्या व्हर्जिलच्या ग्रंथात, निदान काही पृष्ठांपुरता, व्हॉटमनचा नवा, तारांच्या खुणा नसलेला कागद प्रथमच वापरला गेला. वेलबुट्टी नाही, चित्रे नाहीत. रुंद समास आणि अक्षरे, एवढेच.

प्रशंसेबरोबर तक्रारही उठली: या अक्षरांनी वाचकांचे डोळे जातील! १७६० साली बेंजामिन फ्रँकलिनने, जो स्वतः मुरलेला मुद्रक होता, बास्करव्हिलला पत्रातून एक गंमत कळविली. अशीच तक्रार करणाऱ्या एका सद्गृहस्थापुढे त्याने कॅस्लनच्या नमुन्याचा कागद, वरचे नाव फाडून, बास्करव्हिलचा म्हणून ठेवला. गृहस्थाने त्यातही पदोपदी दोष दाखविले आणि डोळे दुखू लागल्याची ग्वाही दिली. ज्या अक्षरांत त्याचे आजवरचे सारे वाचन झाले होते, तीच ही अक्षरे! ही गोष्ट केवळ विनोदाची नव्हे. नाव कळले की दृष्टी बदलते, हे समीक्षेलाही लागू आहे. याची उलटी बाजू एरल मॉरिसने २०१२ साली दाखविली. न्यूयॉर्क टाइम्सच्या सुमारे ४५,००० वाचकांपुढे त्याने एकच विधान सहा वेगवेगळ्या वळणांत ठेवले, तेव्हा बास्करव्हिलमध्ये वाचणाऱ्यांनी ते किंचित अधिक प्रमाणात खरे मानले. फरक अल्प होता, पण होता.

कीर्ती मिळाली तरी पोट भरले नाही. केंब्रिज विद्यापीठाचा मुद्रक म्हणून १७६३ साली त्याने छापलेले बायबल हे त्याचे सर्वोत्तम काम होय. परंतु १,२५० प्रतींपैकी पुष्कळशा पडून राहिल्या. विशेष हे की हा मुद्रक स्वतः उघड अश्रद्ध होता आणि स्वतःच्याच जमिनीत पुरले जाण्याची त्याची इच्छा होती. १७७५ मध्ये तो वारला. त्याचे ठसे १७७९ साली नाटककार बोमार्शेने विकत घेतले व फ्रान्सच्या सीमेपलीकडील केल येथे त्या खिळ्यांनी व्हॉल्तेरचे समग्र साहित्य छापविले. बायबलाचे अक्षर व्हॉल्तेरच्या सेवेस गेले, ही योजना बास्करव्हिलला खचित आवडली असती.

इंग्लंड मात्र त्याला विसरले. १९२३ मध्ये स्टॅन्ली मॉरिसनच्या मार्गदर्शनाखाली मोनोटाइप कंपनीने हे वळण पुन्हा प्रचारात आणले आणि ज्याने डोळे जातील असे म्हटले जात होते, ते अक्षर कादंबऱ्या व ग्रंथांच्या लक्षावधी पृष्ठांवर कोणाच्या नजरेतही न येता नांदू लागले. मूळ ठसे १९५३ साली शार्ल पेन्यो यांनी केंब्रिजला परत दिले.

धातूचा खिळा गेला तेव्हा त्या जुन्या तक्रारीत थोडे तथ्य आले. कागदावर दाबताना शाईने मिळणारा भरीवपणा संगणकाच्या अक्षरास मिळेना आणि बारीक रेघा खरोखरच किरट्या दिसू लागल्या. १९९६ साली झुझाना लिच्को या रचनाकर्तीने जाड व बारीक रेघांतील अंतर मुद्दाम कमी करून या वळणाचे नवे रूप सिद्ध केले. त्यास तिने मिसेस ईव्ह्ज असे नाव दिले: बास्करव्हिलच्या घरी प्रथम घर सांभाळण्यास आलेल्या, पुढे त्याची पत्नी झालेल्या व त्याच्यामागे काही काळ खिळे ओतण्याचा कारखाना चालविणाऱ्या सेअरा ईव्ह्ज हिचे.