नियंत्रक कांडीचा आकार

भातसा धरणाचे दरवाजे वर-खाली केले की नदीत सुटणारे पाणी कमी-जास्त होते. अणुभट्टीत हेच काम नियंत्रक कांड्या करतात. फरक एवढाच की दरवाजा पाणी अडवतो, तर कांडी न्यूट्रॉन गिळते. ती किती आत शिरली म्हणजे किती न्यूट्रॉन घटतील, हे भट्टी चालवण्याआधीच ठाऊक असावे लागते.

भारताची पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे सुरू झाली. तिच्या कांड्यांत कॅडमियम होते. अशा कांडीचे गणित मांडताना एक मोह होतो : कांडीतले कॅडमियम भोवतालच्या इंधनात व पाण्यात सारखे मिसळले आहे असे मानावे. पण मग उत्तर चुकते. ओले धोतर घडी करून उन्हात टाकले तर वरचाच पदर वाळतो. पसरले तर सगळे वाळते. कांडीतही न्यूट्रॉन पृष्ठभागावरच गिळले जातात, आतल्या धातूपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. म्हणजे मिसळून काढलेले उत्तर कांडीची ताकद फुगवून सांगते, आणि अशी चूक धोक्याची असते.

१९६९ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात तारापूरचे वीज केंद्र सुरू झाले. तेथील कांड्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या असून त्या खालून, चार इंधनजुड्यांच्या मधल्या फटीत शिरतात. गणितात हा आकार जसाच्या तसा उतरवायला संगणक हवा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हा मोठा संगणक १९६४ मध्ये आला होता. उलाम व फॉन नॉयमन यांनी १९४६-४७ च्या सुमारास सुचवलेल्या माँटे कार्लो पद्धतीत कांडीचे पृष्ठभाग समीकरणांनी मांडतात आणि एकेका न्यूट्रॉनचा प्रवास संगणकावर ‘खेळून’ पाहतात.

टोकाचा तपशीलही सोडून चालत नाही. चेर्नोबिलच्या कांड्यांना खाली ग्रॅफाइटचा भाग जोडलेला होता. २६ एप्रिल १९८६ रोजी जवळजवळ सर्व कांड्या वर ओढलेल्या असताना त्या एकदम आत सोडल्या गेल्या. ग्रॅफाइटने गाभ्याच्या तळाशी पाण्याची जागा घेतली आणि न्यूट्रॉन घटण्याऐवजी तेथे वाढले. स्फोटाच्या कारणांपैकी हे एक होते.

वर्गात एक उदाहरण जरूर द्यावे. ४ सेंमी बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ १६ चौ. सेंमी आणि परिमिती १६ सेंमी. तेवढ्याच क्षेत्रफळाचे, १ सेंमी जाड पट्ट्यांचे अधिक चिन्ह काढले तर प्रत्येक पट्टी साडेआठ सेंमी लांब होते. त्याची परिमिती किती? उत्तर ३४ सेंमी येते. तारापूरच्या कांडीला तो आकार का दिला, हे मुले स्वतःच सांगतील.