चाल नवी, अभंग तोच

कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमला संत बोधेंद्र सरस्वतींचं अधिष्ठान, म्हणजे समाधी, आहे आणि अलीकडच्या काळात उभं राहिलेलं विठ्ठल-रुक्मिणीचं भव्य मंदिरही. तिथे तमिळ मुलखात संतांचे अभंग गातात ते मराठीतच, पण दाक्षिणात्य भजनाच्या वळणाने. तंजावरात १६७६ च्या सुमारास भोसल्यांचं राज्य आलं आणि पुढे तिथे मराठी कीर्तन रुजलं, त्याचा हा वारसा. चाल बदलली तरी शब्द हलले नाहीत, म्हणून अभंग अभंगच राहिला. संगणकावरच्या जुन्या ‘पॉइंट अँड क्लिक’ साहसखेळांच्या नव्या आवृत्त्यांनाही हीच कसोटी लावावी. त्यांचा जीव संवादांत आणि कोड्यांत असतो, चित्रांच्या ठिपक्यांत नव्हे. १९९० चा ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ २००९ मध्ये नव्या चित्रांनिशी आला, तेव्हा एक कळ दाबताच मूळ रूप समोर येई. इतकी प्रामाणिक सोय क्वचितच दिसते.

यावर आक्षेप असा, की ‘स्कमव्हीएम’सारख्या मुक्त प्रणालीवर २००१ पासून जुने खेळ जसेच्या तसे चालतात, मग नव्याची गरज काय? मूळ जपायला ती प्रणाली अमोल आहेच. पण नवख्याला जुनी हाताळणीच अडवते. १९९८ च्या ‘ग्रिम फँडँगो’त नायकाला कळफलकावरून अवघडपणे वळवावं लागे, २०१५ च्या आवृत्तीत माउसने चालवता आलं, कथा तीच राहिली. कोडी मात्र सोपी करू नयेत. हवं तर वेगळी सूचना द्यावी, ती घ्यायची की नाही हे खेळणाऱ्याने ठरवावं.