एम्बेडेड प्रणालींसाठी सॉफ्टवेअरची निवड (बुलढाणा जिल्हा)

एखाद्या यंत्रात कायमचा बसवलेला मायक्रोकंट्रोलर, त्यातला प्रोग्रॅम आणि भोवतीचे परिपथ मिळून एम्बेडेड प्रणाली होते. तिचा आराखडा करण्यासाठी आणि बोर्ड बनवण्याआधी ती संगणकावर चालवून पाहण्यासाठी कोणती सॉफ्टवेअर घ्यावीत, हा या नोंदीचा विषय. बुलढाणा जिल्ह्यात तो मुख्यतः महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत भेटतो. शेगावला १९८३ साली स्थापन झालेले श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय, चिखलीचे अनुराधा आणि मलकापूरचे कोलते अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्यांतली परिचित नावे.

निवडीची चर्चा बहुधा ‘परिपथाची नक्कल करणारे प्रोटियस की गणिती मॅटलॅब’ अशी सुरू होते. ती आधी कामावरून व्हायला हवी. या जिल्ह्यात त्यासाठी शेतातल्या मोटारीइतके चांगले उदाहरण नाही. कृषिपंपांना थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते, तीही पाळीने दिवसा किंवा रात्री. म्हणून लाईन आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच किंवा मोबाईलवरून चालणारा स्टार्टर लावला जातो. ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगते. ऑटोस्विच काढण्याचे कारण साधे आहे: लाईन येताच एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठतात. पाच एचपीची मोटार चालताना सुमारे ७ अँपिअर घेते, उठताना त्याच्या सहापट. अशा दहा मोटारी म्हणजे ४०० अँपिअरच्या वर, आणि ६३ केव्हीए रोहित्राची पूर्णभार क्षमता सुमारे ८४ अँपिअरची.

उपाय म्हणून स्टार्टरच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक मोटारीला वेगळा, यादृच्छिक उशीर देता येतो. आता हा प्रोग्रॅम सिम्युलेटरवर चालवला, तर एका बोर्डावर सारे सुरळीत दिसते. खोट मात्र तिथे दिसतच नाही. सी भाषेतले यादृच्छिक आकडे देणारे फंक्शन बीज (सुरुवातीचा आकडा) दिले नाही तर दर वेळी तीच मालिका देते. त्यामुळे एकच कोड बर्न केलेले दहा स्टार्टर लाईन आल्यावर तेवढाच उशीर करून पुन्हा एकदमच उठतील. हा दोष पकडायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. निर्णयाचा भाग साध्या सी फंक्शनमध्ये वेगळा लिहून, लॅपटॉपवर जीसीसीने कंपाइल करून दहा प्रतींत चालवला की तो लगेच उघडा पडतो. बीज म्हणून चिपचा अनुक्रमांक किंवा मोबाईल मॉड्यूलचा आयएमईआय चालतो.

दुसरा प्रश्न वीजपुरवठ्याचा. मोबाईलवरून चालणाऱ्या स्टार्टरमधले सिम८०० जातीचे जीएसएम मॉड्यूल प्रक्षेपणाच्या क्षणी २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते, दर ४.६ मिलिसेकंदांनी ५७७ मायक्रोसेकंद. तेवढा काळ सगळा भार १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर आला, तर व्होल्टेज सुमारे १.१५ व्होल्टने खाली येते. मॉड्यूलला लागतात ३.४ ते ४.४ व्होल्ट, ते बंद पडणारच. प्रोटियसमध्ये मॉड्यूलऐवजी व्हर्च्युअल टर्मिनल जोडून मेसेज गेल्याचे दाखवणाऱ्याला यातले काही कळत नाही. इथे परिपथातले व्होल्टेज-प्रवाह मोजून दाखवणारे स्पाइस हवे. बर्कलीत १९७३ साली जन्मलेल्या या प्रोग्रॅमचे मुक्त रूप म्हणजे एनजीस्पाइस. मॉड्यूलच्या जागी तेवढ्या रुंदीचा स्पंदित प्रवाहस्रोत ठेवला की पुरवठा किती दबतो ते आलेखावर दिसते.

एनजीस्पाइस आणि छापील परिपथपाटी (पीसीबी) आखणारे कायकॅड यांची सांगड घालणारे ईसिम हे मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने तयार केले आहे. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे अनेक पाठ मराठीतही आहेत. महाविद्यालयाने पहिली पसंती ईसिमलाच द्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विद्यार्थ्याला ते घरच्या जुन्या लॅपटॉपवर, इंटरनेटविना चालवता येते. वोकवी किंवा टिंकरकॅड ब्राउझरमध्ये चटकन सुरू होतात, आर्डुइनो शिकायला उत्तमही आहेत. मात्र गावाकडे नेटवर्क गेले की काम थांबते.

कंपायलरची निवड चिप ठरली की जवळजवळ आपोआप होते. एसटीएम३२ साठी क्यूबआयडीई, पिक साठी एमपीलॅब, ८०५१ साठी कायल किंवा मुक्त एसडीसीसी. कायलच्या ८०५१ साठीच्या मूल्यमापन आवृत्तीत २ केबी कोडची मर्यादा आहे. एलईडीच्या प्रयोगाला ती पुरते, वरच्या स्टार्टरला पुरेलच असे नाही. नियंत्रणाचे गणित असेल, उदाहरणार्थ सौरपंपाचा महत्तम शक्तिबिंदू शोधणे, तर मॅटलॅब-सिम्युलिंक खरोखर उपयोगी पडते. महाविद्यालयाचा परवाना असेल तोवर ते वापरावे. पर्याय म्हणून सायलॅब आणि त्यातले एक्सकॉस आहे.

पीसीबीच्या बाबतीत फाइलींचे आयुष्यही पाहावे लागते. ईगल हे एकेकाळी विद्यार्थ्यांचे आवडते सॉफ्टवेअर. २०१६ साली ते ऑटोडेस्कने घेतले आणि स्वतंत्र ईगल जून २०२६ पासून बंद करण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. कायकॅडच्या फाइली साध्या मजकुरात असतात आणि २०१३ पासून सर्न या संशोधनसंस्थेचे पाठबळ त्याला मिळाले. पदवीनंतर स्वतःच स्टार्टर बनवून विकू पाहणाऱ्याने विद्यार्थी-परवान्याच्या अटी आधी वाचाव्यात. व्यावसायिक वापराला त्यांत बहुधा मनाई असते.

कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना उठणारी विद्युतगोंगाटाची लाट, पेटीतली मे महिन्यातली उष्णता किंवा टर्मिनलमधली सैल तार यांची नक्कल यांतल्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आयती मिळत नाही. त्यासाठी बोर्ड खऱ्या कॉन्टॅक्टरला जोडून शेकडो वेळा चालू-बंद करावा लागतो, आणि मायक्रोकंट्रोलर किती वेळा रिसेट झाला ते प्रोग्रॅमनेच मोजून मेमरीत ठेवावे लागते.